पैज जिंकली कोणी?

नागपूरचे राजकुमार हिरानी यांचा ‘थ्री इडियट्स’ डिसेंबर २००९ मध्ये आला. बडोद्याच्या थिएटरात सहकुटुंब पाहिला, पोटभर हसलो. शेवट मात्र बोचला, आणि पुन्हा पाहताना दर वेळी बोचतोच.

पैज आठवा. पाण्याच्या टाकीवर चतुर तारीख लिहितो, ५ सप्टेंबर. दहा वर्षांनी पाहू, अधिक यशस्वी कोण! ही तारीख म्हणजे शिक्षक दिन. मुदत भरते, मित्र लडाखला पोहोचतात, आणि रँचो सापडतो तो मुलांच्या शाळेत. चतुर त्याला मास्तरकीवरून हिणवतो, हार कबूल केल्याच्या कागदावर सही घेतो. रँचो शांतपणे सही देतो. मग कळते, ४०० पेटंटे नावावर असलेला फुन्सुख वांगडू तो हाच, ज्याच्या करारासाठी चतुर धडपडतो आहे. टाळ्या पडल्या त्या इथे. त्या शांत सहीला नव्हे.

विनोदी चित्रपटात गर्विष्ठाची फजिती हवीच, हे मान्य. परंतु ‘यशामागे धावू नका, लायक व्हा’ असे अडीच तास सांगून अखेरीस मोजमाप चतुरच्याच फूटपट्टीने केले. मास्तर जिंकला नाही, पेटंटवाला जिंकला.

याच कथेतला दुसरा धागा मात्र मोलाचा आहे. रँचो शिकला ते मालकाच्या मुलाच्या नावावर. पदवी त्या मुलाची, विद्या नोकराच्या पोराची. हे पाहताना बडोदेकराला सयाजीरावांची आठवण व्हावी. कवळाण्याच्या शेतकरी घरातून दत्तक आलेल्या या राजाने १८९० मध्ये कलाभवन काढले, १९०६ मध्ये राज्यभर प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले. १९१३ साली भीमराव आंबेडकर बडोद्याची शिष्यवृत्ती घेऊन कोलंबिया विद्यापीठात गेले, ते स्वतःच्या नावाने. कोणाचे नाव उसने घ्यावे लागले नाही.

माझा एक जुना विद्यार्थी, गणितात फार हुशार, आज तालुक्याच्या गावी प्राथमिक शाळेत शिकवतो. गेल्या दिवाळीत भेटायला आला. मी विचारले, “काय करतोस रे?” खाली मान घालून म्हणाला, “काही विशेष नाही सर, नुसता मास्तर आहे.”

त्या ‘नुसता’ला उत्तर देण्याची संधी या चित्रपटाला होती, तीही ५ सप्टेंबरच्या मुहूर्तावर. ती त्याने घालवली.