कोळीगीत आणि वाद्यवृंद : सहा मात्रांचा प्रश्न

लोणावळ्याच्या पूर्वेस कार्ल्याच्या डोंगरावर, बौद्ध चैत्यगृहाच्या तोंडाशीच एकवीरेचे देऊळ आहे. चैत्रातील यात्रेस किनाऱ्यावरील कोळी समाज मावळात येतो आणि त्याची गाणीही त्याच्याबरोबर घाट चढतात. साथीस आता बँजो असतो, पितळी बँडही असतो. लोकसंगीताच्या पुष्कळ अभ्यासकांना हा भ्रष्टाचार वाटतो. प्रस्तुत लेखकास तो तसा वाटत नाही. परंतु प्रत्येक संकर सारख्याच मोलाचा, हेही मान्य करता येत नाही.

कोळीगीताचा कणा म्हणजे त्याचा सहा मात्रांचा, तीन-तीन असा विभागलेला ठेका होय. आयर्लंडमधील ‘जिग’ या नृत्यप्रकाराची विभागणीही अशीच आहे आणि तेथील इतिहास आपणांस बोधप्रद आहे. १९६० च्या सुमारास शॉन ओ रिआदा यांनी पारंपरिक वादकांचा मेळ बांधला. त्यात स्वरसंवाद आला तरी नृत्याची लय टिकली. पुढे ‘क्लॅनड’ या वृंदाच्या ‘हॅरीज गेम’ मालिकेसाठीच्या १९८२ मधील गीतात आवाजांचे थर आणि सिंथेसायझर यांनी एक धुकट वातावरण उभे केले. ते मोहक आहे, यात शंका नाही. पण त्यावर कोणाचे पाऊल उचलणार नाही. ‘न्यू एज’ म्हणून जे संगीत पुढे लोकप्रिय झाले, त्याने केल्टिक परंपरेतून पुष्कळदा वातावरण तेवढे उचलले आणि नाच मागे ठेवला.

या कसोटीवर ‘मी डोलकर’ पाहावे. शब्द शांता शेळके यांचे, संगीत हृदयनाथ मंगेशकर यांचे, गायन लता मंगेशकर व हेमंतकुमार यांचे. म्हणजे सारीच निर्मिती नागर. तरीही ठेका ढळत नाही, आणि म्हणूनच शाळांच्या स्नेहसंमेलनांत मुले त्यावर आजही नाचतात.

जॅझचा प्रश्न अधिक नाजूक आहे. मुंबईच्या चित्रपटसंगीतात तो मुख्यतः गोमंतकीय वादकांनी आणला, सी. रामचंद्र यांच्या ‘अलबेला’मध्ये (१९५१) चिक चॉकलेट यांचा बँड प्रत्यक्ष पडद्यावरही दिसतो. मात्र ध्वनिमुद्रिकेच्या तीन-चार मिनिटांत जॅझचा नाद आला, उत्स्फूर्त विस्तार क्वचितच आला. मधले तुकडे बहुधा आधीच लिहिलेले असत. उलट यात्रेतील बँजोवाला दोन कडव्यांमधला तुकडा नाचणाऱ्यांचा दम पाहून लांबवतो वा आवरतो. जॅझशी खरे नाते शोधायचे तर ते वाद्यवृंदाच्या स्वरलिपीत सापडणार नाही. कार्ल्याच्या पायऱ्यांवर या बँजोवाल्याजवळ बसावे लागेल.