बासरीआधीचा श्वास

'ईझी वाँडरलिंग्ज' या पुण्याच्या बँडचं गाणं मोबाइलवर ऐकताना बासरी सुरापासून सुरू होते. समोर बसून ऐकताना ती वादकाच्या श्वासापासून सुरू होते. ओठ छिद्राशी येतात, माइक तो श्वास अलगद टिपतो, आणि सूर उमटण्यापूर्वीच्या त्या निमिषात आपणही नकळत श्वास रोखून धरतो. मग सूर येतो तो थोडा ओलसर, किंचित कापरा. रेकॉर्डिंगच्या सफाईत ही कंपनं बहुधा विरून जातात. प्रत्यक्ष मैफलीत मात्र गाण्याची सारी माया त्यांच्यातच साठलेली असते.

हा बँड आपला म्हणावा असाच. सन्यंथ नारोथ यांच्या गीतलेखनाभोवती जमलेला हा वादकमेळा २०१७ साली 'अ‍ॅज रिटन इन द स्टार्स' हा अल्बम घेऊन आला. शब्द इंग्रजी, बाज पॉपचा, पण घाई कुठेच नाही. मानवतसारख्या कापसाच्या बाजारपेठेत वाढलेल्या कानाला मोठ्या आवाजाचं वावडं नसतं. वरातीपुढच्या बँजो पार्टीचा कैफ आपण सगळ्यांनीच अनुभवलाय, आणि तो मला आजही प्रिय आहे. म्हणूनच कदाचित या गाण्यांतली मृदुता अधिक जाणवते. पुरुषाचा आणि स्त्रीचा असे दोन आवाज शेजारी येतात, तेव्हा कुणीच कुणावर चढत नाही. तिचा सूर जिनिंगमधून सरकी निघून बाहेर पडलेल्या रुईसारखा, वजन मागे टाकून आलेला. त्याचा जरा खाली, जमिनीलगत. या दोन सुरांमधली जागा कुणी भरून काढत नाही, आणि त्या मोकळ्या जागेतच आपल्यासारख्या श्रोत्याला बसायला मिळतं. इंग्रजी शब्द एखाद्या ओळीत निसटलेच, तरी तिथून उठावंसं वाटत नाही.

पण ज्या संध्याकाळी मी हा बँड समोर बसून ऐकला, त्या संध्याकाळचं अर्धं श्रेय मी त्यांच्याआधी गायलेल्या दोघांना देईन. एक गिटार, एक मुलगी, दोन खुर्च्या. समोर लोक अजून चहाच्या रांगेत, कुणी मित्राला हात करून बोलावतंय, कुणाचं फोनवर 'अरे, डाव्या बाजूला ये' चाललेलं. अशा गर्दीपुढे गाणं म्हणजे केवढं धारिष्ट! तिने आवाज चढवला नाही, उलट दुसऱ्या गाण्याला तो आणखी उतरवला. आणि बघता बघता पुढच्या दोन रांगांनी बोलणं थांबवलं, मग त्यांच्या मागच्यांनी. आपल्या तमाशाला हे मर्म पूर्वीपासून ठाऊक आहे. वगाआधी गण होतो, गवळण होते, फडाचं आणि प्रेक्षकांचं सूत जुळतं, तेव्हा कुठे कथेला तोंड फुटतं. गवळण चुकवून थेट वगाला येऊन बसणाऱ्याला रसिक म्हणायला माझी तरी जीभ रेटत नाही. या दोघांनी आमचे कान असे निवळून ठेवले नसते, तर बासरीआधीचा तो श्वास आम्हाला ऐकू आलाच नसता.

आणि एवढ्या हळुवारपणाला दाद कशी द्यावी? माझ्या शेजारच्या इंजिनिअरिंगच्या पोराने तो प्रश्न चुटकीसरशी सोडवला. बासरीचा तुकडा संपताच त्याने दोन बोटं तोंडात घातली आणि अशी सणसणीत शिट्टी मारली, की आमच्याकडच्या जत्रेतल्या तंबूतसुद्धा माणसं वळून बघतील. बासरीमागून हसू उमटलं आणि तोच तुकडा पुन्हा, थोडा लांबून वाजला.