‘शांतता! कोर्ट चालू आहे’ : आरोप, निकाल आणि गर्भपाताचा कायदा

विजय तेंडुलकर यांच्या ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ ह्या नाटकाचा विचार बहुधा लीला बेणारे हिच्या शोकान्तिकेच्या अंगाने केला जातो. समूहाचे क्रौर्य व मध्यमवर्गीय नीतीचा दंभ हे विषय नाटकात आहेतच. तथापि त्यातील अभिरूप न्यायालयाचा आरोप आणि त्याचा निकाल ह्यांमधील विसंगती कायद्याच्या दृष्टीनेही तपासण्याजोगी आहे. बेणारेवर आरोप ठेवला जातो तो भ्रूणहत्येचा. आणि शिक्षा फर्माविली जाते ती तिच्या उदरातील गर्भ नष्ट करण्याची!

काशीकरांच्या न्यायासनाला गर्भाच्या जीविताची चाड असती, तर हा निकाल अशक्य होता. सुखात्मे मातृत्वाचे गुणगान करतात, मनूचा आधार घेतात. परंतु ज्या मातृत्वावर विवाहाची मुद्रा नाही त्याला ते पावित्र्य लागू होत नाही. येथे श्रद्धा हे आचरणाचे तत्त्व राहिलेले नसून दुसऱ्यावर चालविण्याचे अधिकारपत्र झाले आहे. ह्या गर्भाला कारण झालेले प्राध्यापक दामले मात्र आरोपी नव्हेत, केवळ अनुपस्थित साक्षीदार!

‘रंगायन’ने हे नाटक १९६७ साली रंगभूमीवर आणले, त्या वेळी भारतीय दंडसंहितेच्या ३१२व्या कलमान्वये स्त्रीचे प्राण वाचविण्याखेरीज अन्य हेतूने केलेला गर्भपात गुन्हा होता, आणि स्वतःचा गर्भपात करणारी स्त्रीही त्या कलमाखाली अपराधी ठरत असे. महाराष्ट्राचे आरोग्यमंत्री शांतिलाल शाह यांच्या अध्यक्षतेखाली १९६४ साली नेमलेल्या समितीचा अहवाल १९६६ मध्येच सादर झाला होता. त्यातून पुढे १९७१चा वैद्यकीय गर्भपाताचा कायदा निर्माण झाला व तो १ एप्रिल १९७२ पासून अमलात आला.

त्या कायद्यापुढे बेणारे उभी राहिली असती तर? गर्भवतीच्या संमतीवाचून गर्भपात करता येणार नाही, असे तो सांगतो. म्हणजे काशीकरांचा निकाल त्याने निःसंशय रद्दबातल ठरविला असता. परंतु संमती निराळी आणि निर्णय निराळा. गर्भपात करावा की नाही हे कायद्याने डॉक्टरांच्या प्रामाणिक मतावर सोपविले. बारा आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचे, पुढे विसाव्यापर्यंत दोघांचे. शिवाय संततिनियमनाचे साधन निष्फळ ठरल्याने येणाऱ्या मनस्तापाची सवलत ‘विवाहित स्त्री किंवा तिचा पती’ ह्यांच्यापुरतीच होती. सुखात्म्यांची सीमारेषा अशा रीतीने कायद्याच्या स्पष्टीकरणातही उतरली. ती पुसण्यास २०२१ची दुरुस्ती यावी लागली. २९ सप्टेंबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने वीस ते चोवीस आठवड्यांच्या मुदतीबाबतही अविवाहितेला वगळता येणार नाही असा निर्णय दिला. डॉक्टरांच्या मताची अट मात्र कायम आहे.

एवढ्यावरून हे नाटक गर्भपाताच्या मोकळिकीचा पुरस्कार करते असे मानणे ही ओढाताण होईल. बेणारेला मूल हवे आहे. त्याला नाव मिळावे म्हणून ती एकामागून एका पुरुषापुढे विवाहाचा प्रस्ताव मांडते. गर्भ नको असलेली स्त्री तेंडुलकरांनी येथे रंगविलेलीच नाही, आणि वादाच्या दृष्टीने ही नाटकाची खरोखरची मर्यादा आहे. मात्र ह्याच मर्यादेमुळे एक गोष्ट ठळक होते. सक्तीच्या बंदीचा आणि सक्तीच्या गर्भपाताचा पुकारा एकाच आसनावरून, एकाच तोंडाने होऊ शकतो. शासनाने मुभा द्यावी की देऊ नये, एवढ्याच प्रश्नाभोवती फिरणाऱ्या वादात ही गोष्ट सहसा येत नाही.

निकालापूर्वी काशीकर घड्याळ पुढे ठेवून आरोपीला दहा सेकंद देतात. तेवढ्या अवकाशात सारे पात्रसमूह स्तब्ध होऊन बेणारेचे प्रदीर्घ स्वगत घडते. ते प्रेक्षक ऐकतात, न्यायालय ऐकत नाही. मुदत संपताच आरोपीला काही सांगावयाचे नाही अशी नोंद होते, आणि लगेच शिक्षा वाचली जाते.