मुद्दाम बिघडवलेला आवाज : एका छोट्या पेटीची परीक्षा

ध्वनिवर्धक विकत घेताना आपण पहिला प्रश्न विचारतो : आवाज स्वच्छ येतो ना? पण याच्या अगदी उलट मागणी करणारेही गायक आहेत. जुन्या रेडिओतून, टेलिफोनच्या रिसीव्हरमधून किंवा झिजलेल्या तबकडीवरून आल्यासारखा आवाज त्यांना हवा असतो, आणि तोही श्रोते समोर बसलेले असताना. मूळ ध्वनीशी फारसे इमान न राखणाऱ्या ह्या शैलीला 'लो-फाय' म्हणतात. त्यासाठी पायाने चालू-बंद करता येणारी, तळहातावर मावणारी एक पेटी मिळते. तिला 'पेडल' म्हणतात. थोडी इलेक्ट्रॉनिकी येत असेल तर ती घरीही बनवता येते.

शाळेच्या विज्ञान मंडळाने हा प्रकल्प हाती घ्यावा का? घ्यावा, असे माझे मत आहे. परंतु अशा पेट्यांच्या ज्या रचना नेहमी पाहायला मिळतात, त्या तशाच उतरवू नयेत. त्यांतल्या बहुतेक गिटारसाठीच्या रचनांवरून घेतलेल्या असतात. गिटारला शब्द नसतात, गळ्याला असतात. टीकेचा मुख्य मुद्दा एवढाच आहे.

थोडे मागे वळून

बिघडलेला आवाज आपल्याला नवा नाही. १९०२ साली फ्रेड गैसबर्ग यांनी कोलकात्यात गौहर जान यांचे गाणे ध्वनिमुद्रित केले, तेव्हा मायक्रोफोन नव्हता. गायिका कर्ण्याच्या तोंडाशी गात असे आणि तिच्या आवाजाच्याच जोरावर सुई मेणावर खाचा पाडत असे. विजेच्या साहाय्याने ध्वनिमुद्रण सुरू झाले ते १९२५ मध्ये. त्याआधीच्या तबकड्यांवर फार खालचे आणि फार वरचे ध्वनी उमटतच नसत. तरीही गाणारा कोण, राग कोणता, तान कशी घेतली, हे आपण आजही ओळखतो.

याचे कारण साधे आहे. स्वरांची ओळख पटवणारा भाग साधारण ३०० ते ३००० हर्ट्झमध्ये असतो. टेलिफोनच्या जुन्या यंत्रणेने ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच पट्टा वाहून नेण्याचे ठरवले, ते याच आधारावर. लो-फाय पेटी हाच पट्टा ठेवते आणि बाकीचा आवाज गाळते.

गाळणीतून काय सांडते?

येथे मराठीच्या शिक्षकांनी विज्ञानाच्या शिक्षकांना मदत करावी. 'साल' आणि 'शाल' हे दोन शब्द उच्चारा. 'स'ची ऊर्जा मुख्यतः ४००० हर्ट्झच्या वर असते. 'श'ची त्याहून खालून सुरू होते. ३४०० हर्ट्झच्या वरचे सारे कापले, तर 'श' बराचसा शिल्लक राहतो आणि 'स' जवळजवळ नाहीसा होतो. म्हणूनच फोनवर नाव सांगताना आपण "'स' समईचा" असे म्हणतो. 'थोडेसे' या अर्थाचा 'जरा' आणि 'म्हातारपण' या अर्थाचा 'जरा' यांत दन्त्य व तालव्य 'ज'चा जो भेद आहे, तोही याच वरच्या पट्ट्यात राहतो. तात्पर्य, पेटी स्वर राखते, पण व्यंजने खाते. जो गायक अर्थ पोचवण्यासाठी गातो, त्याच्या दृष्टीने हा सौदा महाग आहे.

मांडवातला 'इको'

याच जातीची एक पेटी आपल्याकडे मांडवात फार पूर्वीच येऊन बसली आहे. तिला आपण 'इको' म्हणतो. सिडकोची स्थापना १९७० साली झाली आणि ठाणे-रायगडच्या खाडीकाठच्या गावांभोवती नवी मुंबई उभी राहिली. आज ही गावठाणे उंच इमारतींनी वेढलेली आहेत. तेथील आगरी लग्नांत विधींच्या वेळी धवले गाणारी धवलारीण असते. या नावाची परंपरा किती जुनी आहे, हे मराठीची आद्य कवयित्री मानल्या जाणाऱ्या महदंबेच्या तेराव्या शतकातील 'धवळ्यां'वरून ध्यानात येते. धवलारणीचे गाणे म्हणजे पाठ असलेले शब्दच होत; विधी त्या शब्दांनी पुढे सरकतो. तिच्या हातात मायक्रोफोन येतो तेव्हा 'इको'ची खुंटी मात्र दुसऱ्याच्या हातात असते. ती खुंटी पुष्कळदा शेवटपर्यंत फिरवलेली असते, कारण तसा आवाज 'मोठा' वाटतो.

स्वस्त इको पेट्यांत आढळणारा पीटी २३९९ हा चकती-परिपथ पाहू. मुळात तो कराओकेसारख्या उपकरणांसाठी तयार झाला. त्याच्या पोटात सुमारे ४५ हजार बिटांची स्मृती असते. आवाज तीत साठतो आणि थोड्या वेळाने बाहेर पडतो. हा विलंब साधारण ३० ते ३४० मिलिसेकंदांपर्यंत बदलता येतो. पण स्मृती तेवढीच असते, वाढतो तो केवळ वेळ. ३० मिलिसेकंदांसाठी ४५ हजार बिटे म्हणजे सेकंदाला १५ लाख. ३४० मिलिसेकंदांसाठी तीच बिटे म्हणजे सेकंदाला सुमारे १ लाख ३२ हजार. विलंब वाढला की आवाजाचे चित्र ठोकळेबाज होते आणि खरखर वाढते. हाही एक प्रकारचा लो-फायच, पण कोणी न मागितलेला.

आता कानाची बाजू पाहू. प्रतिध्वनी वेगळा ऐकू येण्यासाठी ०.१ सेकंद लागतो आणि त्यासाठी भिंत सुमारे १७ मीटर दूर हवी, असे शालेय पुस्तके सांगतात. हा नियम ठोकळ आहे. हेल्मुट हास यांनी १९४९ साली दाखवले की सुमारे ३० मिलिसेकंदांच्या आत आलेला परावर्तित ध्वनी मूळ बोलण्यात मिसळून जातो व त्याला आधारच देतो. त्यानंतर मात्र तो हळूहळू त्रास देऊ लागतो. आपण बोलताना सेकंदाला साधारण चार-पाच अक्षरे उच्चारतो. ३०० मिलिसेकंदांनी परतलेला जोरदार स्वर पुढच्या अक्षराच्या नाजूक व्यंजनावर येऊन आदळतो. गाण्यात स्वर लांबतात, पण व्यंजन क्षणभराचेच राहते, ते बुडते. शिवाय मांडवापासून १० मीटरवर इमारत असेल, तर तिच्या भिंतीवरून येणारा ध्वनी २० मीटर जास्त चालून सुमारे ६० मिलिसेकंदांनी पोचतोच. निसर्गाने दिलेल्या प्रतिध्वनीवर आपण विकतचा प्रतिध्वनी चढवतो.

पेटी बनवायची तर

गळ्यासाठीच्या लहान पेटीत पुढील टप्पे याच क्रमाने असावेत.

पहिला टप्पा वर्धनाचा. डायनॅमिक मायक्रोफोनमधून काही मिलिव्होल्टच मिळतात. २ मिलिव्होल्टचे ०.६ व्होल्ट करायचे तर ३०० पट वर्धन हवे. गिटारच्या रचनेत एवढी तजवीज नसते. तेथेच पहिली फसगत होते.

दुसरा टप्पा खालचे ध्वनी गाळण्याचा. १० किलोओहम रोध आणि ०.०४७ मायक्रोफॅरड धारित्र घेतले, तर १/(२πRC) या सूत्राने सुमारे ३४० हर्ट्झ ही सीमा मिळते. ही गाळणी आधी हवी, कारण 'प', 'फ', 'भ' म्हणताना श्वासाचा जो धक्का बसतो तो कमी वारंवारतेचा, पण मोठ्या आयामाचा असतो. तो पुढे गेला तर त्याच्यापायी सगळा शब्द चिरडतो.

तिसरा टप्पा दोन उलटसुलट जोडलेल्या सिलिकॉन डायोडांचा. लहरीची सुमारे ०.६ व्होल्टच्या वरची शिखरे ते कापतात. त्यामुळे ४०० हर्ट्झच्या सुरातून १२००, २०००, २८०० असे विषम पटीतले नवे सूर जन्मतात. जुन्या रेडिओचा कर्कशपणा तो हाच. मायक्रोफोनमध्ये शेजारच्या पेटीचा सूर शिरला, तर मात्र घोटाळा होतो. ४०० आणि ४५० हर्ट्झ एकत्र कापले गेले की ३५० आणि ५०० हर्ट्झचे सूरही निघतात, आणि ते कोणीच लावलेले नसतात. म्हणून मायक्रोफोन ओठांजवळच धरावा.

चौथा टप्पा वरचे ध्वनी गाळण्याचा : ४.७ किलोओहम आणि ०.०१ मायक्रोफॅरड, सीमा सुमारे ३४०० हर्ट्झ. ही गाळणी डायोडांच्या नंतर असावी, म्हणजे त्यांनी निर्माण केलेली वरची किरकिर निघून जाते. दोन्ही गाळण्यांच्या मध्ये ऑपरेशनल ॲम्प्लिफायरचा टप्पा ठेवावा, नाहीतर एक दुसरीचे गणित बिघडवते. सर्व काही ९ व्होल्टच्या बॅटरीवर चालवावे. घरच्या विजेशी जोडू नये. मिक्सरवरील ४८ व्होल्टचा फँटम पुरवठाही आठवणीने बंद ठेवावा.

पाचवी गोष्ट बऱ्याच रचनांत नसते, पण माझ्या दृष्टीने ती सर्वांत महत्त्वाची आहे : मूळ, न बिघडवलेला आवाज थोड्या प्रमाणात मिसळण्याची खुंटी. बिघडवलेला आवाज रंग देतो, मूळ आवाजातून 'स' आणि 'च' पोचतात. ह्या एका खुंटीने पेटीचा खर्च फारसा वाढत नाही.

प्रत्यक्ष कार्यक्रमातली एक अडचणही सांगितली पाहिजे. डायोड मोठा आवाज रोखतात, लहान नाही. गायक श्वास घ्यायला थांबला की ३०० पट वर्धन तसेच चालू असते, ध्वनिक्षेपकाचा आवाज परत मायक्रोफोनमध्ये शिरतो आणि शिट्टी सुरू होते. घरात छान वाजणारी पेटी व्यासपीठावर किंचाळते, ती यामुळे. पायाची कळ दाबताच पेटी पूर्ण बाजूला झाली पाहिजे, आणि दोन्ही स्थितींत आवाजाची पातळी सारखी राहिली पाहिजे.

कसोटी

वर्गात ही परीक्षा घेता येईल. 'साल', 'शाल', 'सर', 'शर', 'चार', 'सार' असे दहा शब्द कागदावर लिहा. एका विद्यार्थ्याने ते कोणत्याही क्रमाने मायक्रोफोनवर म्हणावेत, बाकीच्यांनी पाठ फिरवून ऐकलेले लिहावे. हे चार वेळा करा : पेटीविना, पेटीसह, पेटीत मूळ आवाज मिसळून, आणि ३०० मिलिसेकंदांच्या इकोसह. प्रत्येक वेळी दहापैकी किती शब्द बरोबर आले ते मोजा. पेटी चांगली की वाईट, हे मग कोणाच्या आवडीवर अवलंबून राहत नाही.

आवाज बिघडवण्यात वावगे काही नाही. गायकाने एका कडव्यापुरता टेलिफोनचा आवाज मागितला आणि पुढच्या कडव्याला पायाच्या एका दाबाने स्वतःचा गळा परत घेतला, तर ती कलाच आहे. मांडवातल्या 'इको'विषयी माझी तक्रार आहे ती याच कारणाने. तेथे कळ गाणारीच्या पायाशी नसते. विद्यार्थ्यांनी पेटी तयार केली, तर पुढच्या लग्नात खुंटीपाशी बसलेल्या मुलाला त्यांनी आपल्या दहा शब्दांचा तक्ता जरूर दाखवावा, आणि इको अर्ध्यावर आणून धवलारणीलाच विचारावे, "मावशी, आता शब्द नीट जातात का?"