तगून राहण्याची पुस्तके

रानात वाट चुकलेल्या माणसाने पाणी कोठे शोधावे, जाळ कसा करावा, हे सांगणाऱ्या जुन्या पुस्तकांचा मला फार दिवसांचा नाद आहे. आमच्या वरवंडास ती कोठून मिळणार? पुण्यास जाणे झाले की जुन्या पुस्तकांच्या ढिगात हात घालायचा, एवढाच मार्ग. या पंगतीत मानाचे पान इंग्रजीचे. फ्रान्सिस गाल्टनचे 1855 सालचे 'द आर्ट ऑफ ट्रॅव्हल' म्हणजे हिकमतींचे भांडारच. बेडन-पॉवेलने 1899 मध्ये सैनिकांसाठी लिहिलेले पुस्तक तर पोरांनीच पळवले. तेव्हा 1908 मध्ये त्याने त्यांच्यासाठी निराळे लिहिले.

परंतु मराठीत असे काही नाही, ही तक्रार मला पटत नाही. रामचंद्रपंत अमात्यांचे 'आज्ञापत्र' आपण राजनीतीचा ग्रंथ म्हणून कपाटात ठेवून दिले. त्यातले दुर्गप्रकरण उघडून पाहावे. गड बांधण्याआधी पाणी पाहा. नसेल तर खडक फोडून टाकी करा. आणि एका झऱ्यावर विसंबू नका, कारण युद्धात तोफांच्या दणक्याने झरे आटतात आणि पाण्याचा खर्चही वाढतो. गडावरचा केरसुद्धा फुकट जाऊ द्यायचा नाही. तो जाळून राख परसात घालावी, तीवर भाजीपाला करावा! (दिवाळीची झाडलोट करणाऱ्या गृहिणींनी याची नोंद घ्यावी.) गाल्टन युक्ती सांगून पुढे जातो, अमात्य आज्ञेला कारण जोडतात. राजाराम महाराज जिंजीस असताना ज्याने इकडचा मुलूख सांभाळला, त्याची ही भाषा आहे. कालव्याच्या आवर्तनाकडे डोळे लावून बसणाऱ्या आमच्या गावात ते झऱ्याचे कलम वाचले म्हणजे ते तीनशे वर्षांपूर्वीचे वाटतच नाही.

तरी एक उणीव मोठी आहे. अमात्यांची नजर किल्लेदाराची. कोठार रिते झाल्यावर रानातला कोणता कंद खावा, कोणता विषारी, हे त्यांनी सांगितलेले नाही. ती माहिती पुष्कळ पुढे, 1886 साली, मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरच्या वनस्पतींवरील खंडात आली. डॉ. लिस्बोआ या गोमंतकीय वैद्याने दुष्काळात लोक काय खातात याची यादी दिली, तीही इंग्रजीत. कंद किती वेळा उकळून पाणी फेकावे, हे ज्या बायकांना तोंडपाठ होते त्यांच्या हाती लेखणी नव्हती. त्या खंडाची जुनी प्रत बाजारात दिसली, तर वाचकांनी मला जरूर कळवावे. किमतीची घासाघीस मी करीन.