प्लूटोचा बदाम

न्यू होरायझन्स यानाने १३ जुलै २०१५ रोजी सुमारे ७ लाख ६८ हजार किलोमीटरवरून प्लूटोचं एक छायाचित्र घेतलं. धाराशिव जिल्ह्यातल्या पाचवी-सहावीच्या मुलांना प्लूटोची ओळख करून द्यायची असेल, तर फळ्यावर आकडे लिहिण्याआधी हे चित्र त्यांच्या हातात द्यावं आणि गुरुजींनी जरा वेळ काही बोलू नये.

आधी दिसतो तो फिकट, भलामोठा बदाम. सगळं कौतुक त्याच्याच वाट्याला आलं. मला मात्र चित्राची खरी गोडी बदामाच्या डाव्या कडेला वाटते. तिथे काळपट-तांबूस पट्टा येऊन भिडतो. मिथेनवर सूर्याचे किरण पडून तयार झालेल्या द्रव्यांचा तो रंग. त्याला लागूनच बदामाची डावी पाकळी, आणि तीत एकही विवर नाही! चंद्र पाहिलेलं मूल विचारणारच, इथे उल्का पडल्या नाहीत का? पडल्या असतील, पण त्यांच्या खुणा टिकत नाहीत. ही पाकळी म्हणजे गोठलेला नायट्रोजन; उणे २३० अंशांच्या आसपासचा हा बर्फ पोटातल्या उष्णतेने खालून वर येतो, पसरतो, पुन्हा खाली जातो. मंद आचेवरचं दूध ढवळत राहावं तसा, पण वर्षाला जेमतेम काही सेंटीमीटर. सुमारे पाच लाख वर्षांत सगळा पृष्ठभाग नवा होतो. मेलेला वाटणारा गोळा आतून हलतो आहे, हे मुलांना या गुळगुळीत पाकळीवर बोट ठेवून दाखवता येतं.

पाकळीच्या काठावर तेनझिंग पर्वत आहेत, त्यांतलं सर्वांत उंच शिखर कळसूबाईच्या साडेतीन पटींहून उंच. ते पाण्याच्या बर्फाचे; तिथल्या थंडीत बर्फच खडक होतो.

मग आकडे. प्लूटोचा व्यास २,३७७ किलोमीटर. आपल्या देशाची दक्षिणोत्तर लांबीच ३,२१४. सूर्याभोवती एक फेरी २४८ वर्षांची. १९३० साली तो सापडला, त्याच्या एक फेरी आधी, १६८२ मध्ये, संभाजी महाराज गादीवर होते आणि नळदुर्गचा पाणीमहाल बोरीच्या पात्रात उभा होता. ग्रह की बटुग्रह, हा २००६ चा निर्णय शेवटी सांगितला तरी चालेल.

माणसं मात्र आवर्जून सांगावीत. प्लूटो हे नाव सुचवलं ऑक्सफर्डच्या ११ वर्षांच्या व्हेनिशिया बर्नीने. तो शोधला क्लाइड टॉमबॉ या शेतकऱ्याच्या पोराने. अमेरिकेतल्या कॅन्ससमध्ये गारपिटीने घरचं पीक झोपलं आणि त्याचं कॉलेज राहिलं. गारपीट म्हणजे काय, हे धाराशिवच्या मुलांना समजावून सांगावं लागत नाही. त्या पोराने जुन्या मोटारीचे आणि शेतीयंत्रांचे भाग जोडून दुर्बिणी बनवल्या, गुरू-मंगळाची चित्रं काढून लॉवेल वेधशाळेला पाठवली आणि त्या चित्रांवर नोकरी मिळवली. २४ व्या वर्षी त्याला प्लूटो दिसला. चित्रातल्या बदामाला आज त्याचंच नाव आहे.