तारका लावलेली भाषा

पापुआ न्यू गिनीत ८०० हून अधिक भाषा आहेत, हे आपण इतक्यांदा वाचलेलं असतं की डोक्यात फक्त आकडा उरतो. डॉन डॅनियल्स यांचं 'ग्रामॅटिकल रीकन्स्ट्रक्शन: द सोगेराम लँग्वेजेस ऑफ न्यू गिनी' (२०२०) हे पुस्तक मला आवडलं, ते त्यातल्या फक्त १० भाषांपाशी थांबतं म्हणून. मडांग प्रांतातलं सोगेराम हे छोटं भाषाकुळ. या दहाजणींची आई कशी बोलत असेल, याचा शोध म्हणजे हे पुस्तक.

या आईचा ना शिलालेख आहे, ना पोथी. हाताशी आहेत फक्त लेकींच्या आजच्या बोली. शब्दांच्या बाबतीत हे काम जुनंच: लेकींचे शब्द शेजारीशेजारी ठेवायचे, ध्वनी कसे नियमाने बदलले ते पाहायचं, मूळ रूप काढायचं आणि त्यापुढे तारका लावायची. तारका म्हणजे 'हे कुठे लिहिलेलं सापडलेलं नाही, आम्ही काढलंय' अशी प्रामाणिक खूण.

पण वाक्यांचं काय? अनेक अभ्यासकांना वाटत आलंय की वाक्यरचना अशी परत मिळवता येत नाही, कारण वाक्य आपण दर वेळी नव्याने जुळवतो. डॅनियल्स म्हणतात, वाक्य नवं असलं तरी त्याचा साचा जुनाच असतो. साच्यालाही रूप असतं, अर्थ असतो आणि तोही शब्दासारखाच वारशाने मिळतो. मग त्याची तुलना का करू नये?

हे समजायला आपली मराठी कामी येते. 'घरी जाऊन, जेवून झोपला.' इथे 'ऊन' गुपचूप सांगतो की तिन्ही कामं एकाच माणसाची. कर्ता बदलला की 'ऊन' चालत नाही. 'तो आल्यावर मी निघाले' असं म्हणावं लागतं. सोगेराम भाषांत क्रियापदांच्या अशा लांबच लांब माळा असतात. पुढचं काम करणारा तोच की दुसरा, हे आधीचं क्रियापदच सांगून ठेवतं. ही सवय लेकींना आईकडून आली, हे पुस्तक सावकाश पटवून देतं.

माझी तक्रार वेगळी आहे. तारका लावलेली भाषा पानावर फारच नीटनेटकी दिसते. खऱ्या गावात एका गोष्टीला दोन रूपं असतात, लग्न होऊन आलेली सून तिसरं आणते, शेजारच्या भाषेतून चौथं येतं. तुलनेची पद्धत फरक मिटवत मागे जाते, त्यामुळे आई आपोआप एकसुरी होते. तिच्या घरातला हा गोंगाट मला पुस्तकात अजून ऐकायचा होता. शिवाय ही भाषा इतकी तांत्रिक आहे की मडांगमधल्या एखाद्या कॉलेजच्या पोरीलाही स्वतःच्याच आजीच्या भाषेची गोष्ट यातून सहज वाचता येणार नाही.

तरी हे काम आत्ताच होणं गरजेचं होतं. यातल्या काही भाषा मोजक्याच माणसांच्या तोंडी उरल्यात, नवी पिढी टोक पिसिनकडे वळतेय. एक लेक नोंद न होता गेली, तर आईबद्दलची एक साक्ष कायमची जाते.

२०२४ मध्ये मराठीला अभिजात दर्जा मिळाला, तेव्हा आपण शिलालेख आणि ग्रंथ पुढे केले. ज्यांच्याकडे ते नाहीत, त्या भाषा काही कालच जन्मल्या नाहीत. त्यांचा पुरावा बोलणाऱ्यांच्या जिभेवर आहे, आणि तो ऐकायला कुणीतरी वेळेत पोचावं लागतं.